खिडकीतला पेला

मी खिडकीतला पेला बोलतोय. माझी पाच भावंडं स्वयंपाकघरातल्या मांडणीत एकमेकांना खेटून उपडी पडलेली असतात. मी एकटाच इथे. माझ्या बुडाला नखपॉलिशचा लाल ठिपका आहे. माझा गुन्हा तेवढाच.

मलकापूरच्या दुकानातून आम्ही सहाही जण उंद्रीतल्या या घरी आलो, धम्मशीलाच्या लग्नात. पुढे तिच्या कोपरांवर, मग डोक्यात लाल चट्टे उठले, पांढरी सालं गळू लागली. पहिलं साल गळलेलं दिसलं त्याच संध्याकाळी तिच्या सासूबाईंनी, सिंधूताईंनी, मला ठिपका लावून तिच्यापुरतं वेगळं काढलं.

खामगावच्या डॉक्टरांकडून धम्मशीला परतली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सोरायसिस हाय. अंगातलीच ताकद बिथरते, कातडी भराभर वाढते. मुयापासून जात नाई, औषधानं दबून राह्यते. पन शिवल्यानं, उष्ट्यानं कोनाले होत नाई."

"हाव, आयकलं मी बी," सिंधूताई म्हणाल्या. "डाक्टर का त्याच्या घरी पानी पाजते तुले?"

नवरा प्रसेनजित मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. शिकलेला माणूस!

वैशाख पौर्णिमा आली. विहारात वाटायची खीर घरी शिजत होती. धम्मशीलाला पातेल्याजवळ येऊ दिलं नव्हतं. सासरे जानराव हातात लोटा घेऊन विहारातलं भाषण घोकत होते, "आमच्या लहानपनी आमाले पानी वरून वतत. ओंजयीत. पेला देत नोते..."

धम्मशीला उठली. त्यांच्यापुढे उकिडवी बसली आणि ओंजळ धरली.

"मामाजी, मले बी तहान लागली. वता वरून. पेल्याले तरी काऊन बाटवता?"

जानरावांनी लोटा खाली ठेवला.

"उठ बाई," ते म्हणाले. त्यांनी मला खिडकीतून उचललं, भरलं आणि तळापर्यंत रिकामं केलं. "आज विहारात खीर मायी सूनच वाढीन."

तिने वाढली. पण बऱ्याच जणींनी वाटीवर हात धरला. पातेलं अर्धं भरलेलंच घरी आलं.

आता जानराव रोज माझ्यातच पाणी पितात. आणि सिंधूताई रोज मला घासून पुन्हा खिडकीतच ठेवतात.

चट्टे राहतील, नाहीतर दबतील. ते धम्मशीला आणि तिचं औषध बघून घेतील. ठिपका मात्र तुम्ही माणसांनी लावलाय. तो काढायला औषध लागत नाही, नखानेही निघतो.