एकशे एक्केचाळीस गाड्यांचा मालक

प्रबोध टिल्लूच्या मालकीच्या एकशे एक्केचाळीस गाड्या होत्या आणि त्या सगळ्या टॅम्पिनीसच्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या दोन काचेच्या कपाटांत राहत होत्या. शर्यतीच्या गाड्या. धातूच्या, हुबेहूब, तळहातावर मावतील एवढ्या. प्रत्येक गाडी आपापल्या पारदर्शक खोक्यात काळ्या चौथऱ्यावर बसलेली. खरी गाडी त्याने सिंगापुरात एकवीस वर्षांत घेतली नाही. इथे गाडीपेक्षा ती ठेवायचा परवाना महाग, आणि दारात एमआरटीची मेट्रो असताना कोण त्या फंदात पडतो, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. सांगताना नजर मात्र कपाटाकडे वळायची.

रविवारी दुपारी जेवण झालं की तो सोफ्यावर आडवा व्हायचा, एखादं खोकं पोटावर ठेवायचा आणि डोळे अर्धवट मिटून निघायचा. गाडी कॉरिडॉरमध्ये यायची, शेजाऱ्यांच्या चपलांना आणि कुंड्यांना वळसा घालायची, लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली उतरायची आणि झाडांच्या सावलीतल्या लांबलचक रस्त्याला लागायची. रस्त्यावर चिटपाखरू नाही. डावीकडे समुद्र, समुद्रात नांगर टाकून थांबलेली जहाजं, आणि कानाशी वाऱ्याचा आवाज तेवढा. कधीकधी तो रस्ता मध्येच कात्रजचा घाट व्हायचा, तरी समुद्र डावीकडेच राहायचा. अर्धवट झोपेत असल्या गोष्टींची कुणी चौकशी करत नाही. शैला, त्याची बायको, ओटा आवरता आवरता विचारायची की आज किती फेऱ्या झाल्या, आणि हा पठ्ठ्या झोपेतच बोटं वर करून दाखवायचा.

हा छंद जोपासणाऱ्यांचा एक कडक नियम असतो. खोकं उघडायचं नाही. उघडलं की धूळ लागते, दमट हवा लागते, बोटं लागतात, आणि गाडी मग कोरी म्हणवत नाही. प्रबोध हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळायचा, वर्षातला एक दिवस सोडून. दसऱ्याला घरच्या वाहनाची पूजा करायची हे लहानपणापासून त्याच्या अंगात मुरलेलं, आणि घरात वाहनं म्हणाल तर हीच. त्या वर्षी आलेल्या गाड्या पाटावर ओळीने मांडायच्या, लिटिल इंडियातून आणलेल्या झेंडूची एकेक पाकळी वाहायची, प्रत्येकीच्या नाकावर हळद-कुंकू लावायचं आणि वाळलं की गाडी पुन्हा खोक्यात बंद. कुंकू शैलाकडे, हळद लेकीकडे, श्रियाकडे. पहिल्या पूजेला श्रिया चार वर्षांची होती. पांढऱ्या गाड्या माझ्या, असं तिने परस्पर जाहीर करून टाकलं होतं, आणि त्यांच्यावर ती सढळ हाताने हळद फासायची.

दुसरीत असताना तिने वर्गात सांगितलं की माझ्या बाबांकडे बासष्ट गाड्या आहेत. संध्याकाळी शाळेतून फोन आला. बाई फार अदबीने विचारत होत्या की स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांना आणायला आपण त्यातली एखादी पाठवाल का. शैला हसून हसून बेजार झाली. पण खरं सांगायचं तर त्या रात्री प्रबोधला फार श्रीमंत वाटलं होतं.

चौदाव्या वर्षी श्रियाने हळदीची वाटी खाली ठेवली ती ठेवलीच. तिच्या मित्रमंडळींत गाड्या पडद्यावर चालवायच्या. बंद खोक्यात ठेवून नुसतं बघत बसण्यात काय आहे, हे तिला कळेना आणि प्रबोधला सांगता येईना. मग तो एकटाच बोटाने कुंकवाचा टिळा लावायचा, हळदीच्या भानगडीत पडायचा नाही.

आणि ही काही एकट्या श्रियाची गोष्ट नव्हती. एका जुन्या मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर मिस्टर लो नावाच्या सत्तरीतल्या गृहस्थांचं दुकान होतं. महिन्यातून एका शनिवारी तिथे छंदिष्टांचा मेळा भरायचा. एकेकाळी टेबलं दुकानात मावत नसत, सरकत्या जिन्यापर्यंत जात. माणसं एका गाडीवरून तावातावाने भांडत आणि मग खाली कॉफी प्यायला एकत्र जात. पुढे कुणी वारलं, कुणी देश सोडला, कुणाच्या मुलांनी खोकी लिफ्टशेजारी नेऊन ठेवली आणि सकाळी सफाईवाल्याने उचलली. गेली दोन वर्षं मेळ्याला प्रबोध आणि मिस्टर लो असे दोघेच असत. तरी मिस्टर लो टेबल मांडायचे.

आता प्रबोधचीही निघायची वेळ झाली. नोकरीचा पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, डिसेंबरात संपत होता, पुण्याचा फ्लॅट रंगवून तयार होता. गाड्या न्यायच्या तर त्या माळ्यावर जाणार, आणि माळ्यावर गेलेलं सामान म्हणजे गेलंच, हे त्याला ठाऊक होतं. त्याला एवढंच हवं होतं की त्या सगळ्या एकत्र राहाव्यात आणि कुणीतरी त्यांच्याकडे बघावं. मिस्टर लो स्वतः दुकान बंद करत होते. त्यांनी जाता जाता शेवटचं गिऱ्हाईक शोधून दिलं. पलीकडे मलेशियातल्या जोहोरचे एक दातांचे डॉक्टर आपल्या दवाखान्यात भिंतभर काचेचं कपाट करणार होते. घेईन तर सगळ्या घेईन, म्हणाले, पण गाड्या अगदी कोऱ्या हव्यात. प्रबोधने छातीवर हात ठेवून सांगितलं की कोऱ्याच आहेत, कुणाचं बोटसुद्धा लागलेलं नाही.

तो खोटं बोलत नव्हता, हीच तर गंमत. नमुना म्हणून नेलेल्या दहा गाड्यांतली पहिली मिस्टर लोंनी पांढरे हातमोजे घालून बाहेर काढली, भिंग डोळ्याला लावलं आणि इथल्या बोलीतल्या शेपटीच्या ‘लाह’सकट हळहळून म्हणाले, "मिस्टर टिल्लू, धिस वन गॉट रस्ट, लाह."

प्रबोध वाकून बघू लागला. गंज कुठे? त्याला गंज दिसेना. दुसरी गाडी निघाली, तिलाही तिथेच गंज, तिसरीलाही. अगदी नाकावर, मधोमध. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. इतक्या वर्षांत त्या टिळ्यांना डाग म्हणायचं त्याला एकदाही सुचलं नव्हतं. कपाळावर कुंकू आहे म्हणून कुणी माणसाला मळका म्हणतं का? त्याने जमेल तशी पूजा समजावून सांगितली. मिस्टर लोंनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि डॉक्टर काही हे चालवून घेणार नाहीत, असं हळूच सांगितलं. पुसून आणा, म्हणाले. गुरुवार दुकानाचा शेवटचा दिवस, त्याच दिवशी डॉक्टरांची व्हॅन येईल.

गुरुवारी दसरा होता. शैला भडकली. लोक दसऱ्याला गाडी घरी आणतात आणि आपण घरच्या बाहेर काढायच्या, हे कुठलं शहाणपण, म्हणाली. पण मग तीच कापूस लावलेल्या काड्यांचं पाकीट आणि साबणाचं पाणी घेऊन आली.

तीन दुपारी प्रबोध पुसत बसला होता. बाहेर पाऊस येत होता, जात होता. अलीकडचे टिळे त्याने स्वतः लावलेले, वाकडेतिकडे. ते एका काडीत निघाले आणि त्याला काही वाटलं नाही. मग तो मागे मागे जात राहिला. टिळे सरळ झाले, त्यांच्याखाली हळद दिसू लागली, आणि हळदीचं बोट लहान होत गेलं. तेरा वर्षांचं, दहा वर्षांचं, सात वर्षांचं. त्याचे डोळे जड झाले. गाडी समुद्राकडच्या रस्त्याने चालली होती आणि मागच्या सीटवर कुणीतरी पाय हलवत गाणं म्हणत होतं, शब्द न लागणारं. शर्यतीच्या गाडीला मागची सीट नसते, पण गाणं ऐकू येत होतं. जागा झाला तेव्हा हातातली गाडी पुसून स्वच्छ झाली होती. त्याला चोरी केल्यासारखं वाटलं. तरी त्याने पुढची उचलली. गाड्या एकत्र राहायच्या तर दुसरा इलाज नव्हता.

शेवटी पांढऱ्या सात राहिल्या. कुंकू गेलं, पण हळद काही जाईना. पांढऱ्या रंगाने ती आत ओढून घेतली होती. प्रत्येकीच्या नाकावर मसुराच्या डाळीएवढा फिकट पिवळा गोल. घासावं तर रंगच निघेल. ओळीत या सात कुणाच्या डोळ्यांवर येणार नाहीत अशी स्वतःची समजूत घालून त्याने त्याही खोक्यांत बंद केल्या.

दसऱ्याला सकाळी श्रिया क्लेमेंटीच्या हॉस्टेलवरून सामान उचलायला मदत म्हणून आली. टॅक्सीत तिने मांडीवरची खोकी एकेक करून फिरवून पाहिली. मग टिळे कुठे गेले, असं तिने विचारलं. पुसले, असं प्रबोधने सांगितलं. तिने खिडकीकडे तोंड केलं.

मिस्टर लोंनी भिंगाखाली एकशे एक्केचाळीस गाड्या तपासल्या. डॉक्टर शेजारी उभे राहून बघत होते. सज्जन माणूस, प्रत्येक गाडीचं नाव त्यांना पाठ. एकशे चौतीस गाड्या व्हॅनमध्ये गेल्या. सात पांढऱ्या टेबलावरच राहिल्या. डॉक्टरांनी दिलगिरी व्यक्त केली. मिस्टर लोंनीही केली. प्रबोधनेही तोंड पाडून मान हलवली, आणि आतून त्याला इतका आनंद झाला की तो लपवायला त्याला खाली वाकून बुटाची नाडी बांधावी लागली. एकत्र राहाव्यात म्हणून एवढा आटापिटा केला, आणि आता संग्रह मोडल्याचं त्याला जराही दुःख होत नव्हतं. दुःख व्हॅनचा दरवाजा लागला तेव्हा झालं. तेही पुष्कळ झालं.

घरी शैलाने पाट मांडून ठेवला होता. सात गाड्या बघून तिने भुवई उंचावली. उठून कुंकवाची कोयरी घेऊन आली. श्रियाने सातही गाड्या खोक्यांतून काढल्या, ओळीने लावल्या आणि कुणी न सांगता हळदीची वाटी ओढली. पहिल्या गाडीच्या नाकावर तिने नुसतंच कोरडं बोट टेकवून बघितलं. पिवळा गोल त्याखाली पुरता झाकला गेला. तिने बोट उचललं, पुन्हा टेकवलं.

"मी इतकी छोटी होते?" तिने विचारलं.

प्रबोधने मान डोलावली. मग तिने बोट हळदीत बुडवलं, चांगलं दुसऱ्या पेरापर्यंत, आणि सातही गाड्यांना एकेक करून हळद लावली. तिच्यामागून शैला कुंकू लावत गेली. प्रबोध झेंडूच्या पाकळ्या वाहत होता आणि एकीकडे रिकाम्या कपाटांकडे बघत होता. काचेत समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसत होत्या. आजवर त्या गाड्यांच्या आड गेलेल्या असायच्या.

श्रियाने त्याची नजर पाहिली.

"बाबा, किती उरल्या आता?"

"सात."

तिने खिडकीतून खाली पाहिलं, तिथे बस स्टॉपवर गाडी नसलेली सगळी इमारत रांगेत उभी होती.

"स्टिल मोर दॅन एव्हरीबडी, लाह," ती म्हणाली, आणि हळदीचं बोट त्याच्या शर्टाला पुसलं.