दुधी काचेवरचा दुसरा फोटो

मी एक जुनी दिव्याची पेटी आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा कुणावरच चटकन विश्वास बसत नाही! हाडांचे फोटो माझ्या दुधी काचेवर लावायचे, मागचे दिवे पेटवायचे आणि काय मोडलंय ते बघायचं, हा माझा जन्माचा उद्योग. महायुद्धात कल्याणच्या लष्करी छावणीतल्या दवाखान्यासाठी एका सुताराने मला सागवानात घडवलं. युद्ध संपलं, छावणीत फाळणीचे निर्वासित राहायला आले, तिचं उल्हासनगर झालं आणि मी अंबरनाथला डॉक्टर दिनानाथांच्या भिंतीवर चढले. पेटी खोटं बोलत नाही, असं लोक म्हणत. ऐकून मी फुगायचे.

१९५४ साली, भाताच्या आवणीच्या, म्हणजे रोपं लावायच्या दिवसांत, मोरिवलीचा महिपती आला. कारखान्यात शिडीवरून पडताना त्याने तळहात टेकला होता. मनगट टम्म सुजलेलं. डॉक्टर फिल्म जपून वापरत, म्हणून पालथ्या हाताचा एकच फोटो काढला. त्यात काही मोडलेलं दिसेना. मुरगळलंय म्हणून पट्टी बांधून घरी पाठवलं. मधलं एक छोटं हाड चौकोनी हवं, ते तिकोनी दिसत होतं. मला खटकलं होतं, पण पेटीला विचारतो कोण?

दहाव्या दिवशी कारखान्याचे अधिकारी विष्णुपंत स्वतःच महिपतीला घेऊन हजर! मागोमाग त्याची बायको अंजनी. आवणी आली की गावचे कामगार आजाराचं निमित्त करून शेतात उतरत, हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं.

"डॉक्टर, आवणी आली की मोरिवलीच्या मनगटांना बरोब्बर कळा येतात," विष्णुपंत म्हणाले. "हात ठीक आहे एवढं लिहून द्या. उद्या कामावर आला नाही तर नाव कापतो."

डॉक्टरांनी पेन उघडलं. तेवढ्यात अंजनीने नवऱ्याचा हात पुढे ओढला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं भाजलेली होती.

"काल चुलीतला निखारा उचलला यानं, चटका कळलाच नाय. सोंग करनारा मानूस बोटं भाजून घेल काय?"

पेन मिटलं. डॉक्टरांनी हात करंगळीच्या कडेवर उभा ठेवून दुसरा फोटो काढला. माझे दिवे लागले आणि मीच चपापले. बाजूने चंद्रकोरीसारखं दिसणारं ते मधलं हाड वाटी कलंडावी तसं पुढे कलंडलं होतं आणि बोटांना जाणीव देणारी शीर दाबत होतं! पहिल्या फोटोत शेजारच्या होडीसारख्या हाडाची केसाएवढी भेगही आता सापडली. असं दुखणं डॉक्टरांनी पुस्तकातच पाहिलं होतं.

"आणखी थोडे दिवस गेले असते तर हात कायमचा गेला असता," ते म्हणाले. "विष्णुपंत, हाड बसवायला आता याचा दंड तुम्हीच धरा."

भूल दिली. डॉक्टरांनी बोटं धरून कितीतरी वेळ हात ताणला, मग अंगठ्याने हाड आत दाबलं. कट्ट! विष्णुपंतांच्या कपाळावर घाम आला. मी तरीही दोन्ही बाजूंचे फोटो बघितल्याशिवाय मानलं नाही.

तीन महिने प्लास्टर होतं. मनगट पहिल्यासारखं वळलं नाही, पण नाव हजेरीत राहिलं. प्लास्टर काढल्यावर विष्णुपंतांनी चहा मागवला. महिपतीने त्याच हाताने पेला उचलला आणि पटकन खाली ठेवला.

"चटका बसला," तो म्हणाला. अंजनी पदरात तोंड लपवून हसत होती, की रडत होती, मला कळलं नाही.

आता माझी काच तडकलीय, एक दिवा लागतही नाही. मला पुसलं नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण कुणाला खोटं ठरवण्याआधी त्याचा हात एकदा कडेवर उभा ठेवून बघा. मी पहिल्या दिवशी बघितला नव्हता.