कोरा थेंब

थेंब सुटत नव्हता. काचेच्या बारीक नळीच्या टोकाला तो हट्टी पोरासारखा लोंबत राहिला होता, आणि तिच्या कानाशी घुबडाची कुरकुर चालली होती, "दिवा लावला तर काय आभाळ कोसळणार आहे? काल चहाचा म्हणून मी पेनांच्या मगाला तोंड लावलं."

"गोड होता का?"

"निळा होता."

घुबड म्हणजे तिचा जुना सहकारी. या अंधाऱ्या खोलीत दोघांनी शेजारी शेजारी बसून केस पिकवले होते. अंधार लागायचाच. बशीतल्या हृदयाच्या पेशींना एक रंग पाजलेला असे आणि जास्त उजेडात तो विटून जाई. हाडांत, दुधात असतं तेच कॅल्शियम पेशीच्या आत निरोप्याचं काम करतं. ते उसळलं की पेशी आकसते, आणि त्या उसळीसरशी हा रंग हिरवा उजळतो. औषधाचा थेंब टाकायचा आणि पडद्यावर बघत बसायचं, कोण उजळलं, किती उजळलं. दुसऱ्याच्या आत निरोप पोचला की नाही एवढंच बघण्यात तिचा जन्म गेला होता, आणि घरात मात्र...

थेंब पडला. पडद्यावर एक पेशी लख्ख उजळली, मग तिच्या शेजारची.

"वा!" घुबड कुरकुर विसरला.

"वा काय? कोरा होता."

कोरा म्हणजे औषध नसलेला, नुसत्या खाऱ्या पाण्याचा. पहिला थेंब नेहमी कोराच टाकायचा, कारण थेंबाचा नुसता धक्का लागला तरी पेशी उजळते आणि आपण खुळ्यासारखे समजतो, आपलं औषध तिला कळलं. नवखे लोक कोरा थेंब विसरतात. विसरतात कसले, टाळतात. हवं ते डोळ्यांसमोर दिसत असताना खात्री कोण करून घेतं?

तिनं करून घेतली होती.

ताई ओट्याशी उभी असताना कोसळली. हृदय पुन्हा चालू झालं, पण तोवर मेंदूला रक्त मिळालंच नव्हतं. तेव्हापासून यंत्र ताईचा श्वास घेत होतं. कानाशी वाकून "ताई, मी आलेय" म्हटलं की ताईची करंगळी हलायची — एवढीशी, पण हलायची. डॉक्टर म्हणाले, त्याला अर्थ नाही, शरीर आपोआप करतं ते. पण डॉक्टर परके, आणि भावोजींनी भर व्हरांड्यात तिचा हात धरून विचारलं होतं, "तू यातली आहेस. हलतं ना गं बोट?" "हलतं," ती म्हणाली होती. खोटं कुठे होतं ते? त्या एका शब्दावर भावोजी जेवायला लागले, आई रात्री डोळा मिटायला लागली, आणि यंत्र थांबवायचं का याचं उत्तर डॉक्टरांना द्यायचं लांबत लांबत आज दुपारवर आलं होतं.

आणि मध्ये ती एक संध्याकाळ, खोलीत कुणी नसताना... ती वाकली, नेहमीच्याच आवाजात, तेवढ्याच मायेनं — माया कमी पडली तर तुलना चुकते, एवढं भान मला होतं, देवा, तेव्हाही होतं! — आणि म्हणाली, "बादली."

करंगळी हलली. तशीच. तेवढीच.

"बादली, मी आलेय."

पुन्हा हलली.

हे ऐकून पोट धरधरून हसली असती अशी जगात एकच बाई होती. तिच्याच उशाशी ती तोंडात पदर कोंबून बसली होती. हसू येत होतं की काय येत होतं ते तिचं तिलाच कळेना. आणि का कोण जाणे, आठवत होतं ते आईचं घाईघाईत नावं चुकवणं. आई ताईला हमखास धाकटीच्या, म्हणजे तिच्या, नावानं हाक मारायची. ताई त्या नावाला कधी ओ देत नसे. मानसुद्धा वळवायची नाही. "ती आली की सांगते हं तिला," एवढंच म्हणायची. लग्न झालं, चष्मा लागला, तरी नाही म्हणजे नाहीच.

"औषध टाकतेस ना?" घुबडानं विचारलं.

"आज नको. दवाखान्यात जायचंय."

घुबडानं दरवाजा उघडून धरला, आणि बाहेरच्या उजेडानं तिचे डोळे भरून आले. उजेडानंच.

दवाखान्यात आई खुर्चीत बसून ताईच्या हाताला मलम चोळत होती. भावोजी खिडकीशी उभे होते. शर्टाची बटणं एकेक घर चुकून लावलेली, आणि ते सांगणारी बाई अशी पडलेली.

"डॉक्टर बोलावतायत," ते म्हणाले. "काय सांगू? तू म्हणशील तसं."

तिनं तोंड उघडलं. हलतं, हा शब्द कसा ओठांवर तयारच होता, गुळगुळीत, वापरून वापरून झिजलेला. बादली म्हणायची हिंमत यांच्यासमोर कशी करायची? स्वतःच्या बहिणीची परीक्षा घेणारी बाई म्हणजे...

"भावोजी, बोट हलतं, पण..."

"सकाळी मी हिला तुझ्या नावानं हाक मारली," आई मान वर न करता म्हणाली.

"होतं असं, आई," भावोजी समजुतीनं म्हणाले. "घाईत चुकतं माणूस."

"घाई कसली मला इथे? मुद्दाम मारली." आईचा अंगठा त्या करंगळीवर गोल गोल फिरत राहिला. "दोनदा मारली."

यंत्र श्वास घेत होतं. तिच्या छातीत किती दिवसांचं काहीतरी आकसून धरलेलं एकदम सैल झालं, आणि सैल झालं म्हणूनच दुखायला लागलं. आईनंही? एकटीनं, इथेच, याच खुर्चीत?

"हललं?" तिनं विचारलं. आवाज तिचा वाटेना.

"हललं." आईनं मलमाच्या डबीचं झाकण लावलं, नीट, घट्ट फिरवून. "माझी थोरली त्या नावाला ओ देणारी नव्हती गं. गेली ती. आपणच बसलोय धरून."