पुतळाचा कापलेला पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. तुमच्या घरी ज्यावर बसून तुम्ही जेवता, ज्याच्याभोवती रांगोळी काढून नवरदेवाला बसवतात, त्या पाटांच्या पंगतीतला मी नाही. मी मासे विकणाऱ्या बाईचा पाट. माझ्या अंगाला चंदनाचा नव्हे, बोंबलाचा वास येतो आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. लाज वाटावी असं दुसरंच काहीतरी माझ्याकडे आहे, असं मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं. माझी मागची बाजू अर्धगोल कापून काढलेली आहे. खाली चार उंच पाय आहेत, पुढचे दोन वल्ह्याच्या दांड्याचे आणि मागचे दोन बाभळीचे. पाट म्हणावं तर उंच आणि स्टूल म्हणावं तर फाटकं, असं माझं ध्यान. ते असं का झालं, हे ऐकलंत तर तुम्ही हसणार नाही.

माझा जन्म उरणजवळच्या मोरा बंदरावरचा. एका कोळ्याची होडी जुनी होऊन मोडली, तेव्हा तिच्यातली एक सागाची फळी चांगली निघाली. होड्या बांधणाऱ्या देवजी सुतारानं ती रंधली आणि खाली दोन ठेंगण्या पट्ट्या ठोकल्या. मी त्या कोळ्याच्या बायकोच्या बुडाखाली गेलो आणि माझा संसार सुरू झाला. एकोणीसशे बहात्तर साली तिच्या घरात सून आली, तिचं नाव पुतळा. नवीन सून पहिल्यांदा बाजारात निघाली तेव्हा सासूनं मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "जागा माजी नाय, या पाटाची हाय. याला सांबाळ, हा तुजी जागा सांबाळंल."

ते खरंच होतं. आमच्या बाजारात जागेवर कुणाचं नाव लिहिलेलं नसायचं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, नारळी पुनवेला समुद्राला नारळ द्यायचा आणि मग होड्या पहिल्यांदा भरून आल्या की बाजार मांडायचा. त्या दिवशी जिचा पाट जागेवर आणि ती स्वतः पाटावर, तिची ती जागा वर्षभर. बदली माणूस चालत नसे. उभं राहून विकणारीला फेरीवाली म्हणत आणि फेरीवालीला जागा नसते.

पुतळा आणि मी, आमचं छान जमलं. ती माझ्यावर ऐसपैस बसायची, पुढ्यात कोयता घ्यायची आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता पापलेट साफ करून द्यायची. नव्या कॉलनीत राहायला आलेल्या बायका तिच्याकडेच यायच्या, कारण ताजं काय आणि कालचं काय ते ती तोंडावर सांगायची. नारळी पुनवेला ती मला नारळाच्या पाण्यानं धुवायची, हळद-कुंकू लावायची. घरातल्या देवांनंतर माझाच मान असायचा. मी जरा फुगलोच होतो म्हणा ना.

मग तो दिवस आला. ओहोटी होती. धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. डोक्यावर टोपली घेऊन उतरताना पुतळाचा पाय सटकला आणि ती खाली ठेवलेल्या होडीच्या नांगराच्या दातावर बसल्यासारखी आदळली. उजव्या कुल्ल्यात खोल जखम झाली. ती चिघळली, सडलेलं मांस डॉक्टरांना काढून टाकावं लागलं. जीव वाचला, जखम भरली, पण तिथं खड्डा राहिला.

हे बाहेरून कुणाला कळत नव्हतं. लुगड्याच्या घोळात झाकून जायचं. मला मात्र पहिल्या दिवशीच कळलं. पूर्वी ती माझ्यावर सरळ बसायची, आता सगळा भार डावीकडे. उजवीकडून मांस नाहीच, पातळ कातडीआडून नुसतं हाड माझ्या लाकडावर टेकायचं. ती कातडी पुन्हा पुन्हा फाटायची. पुतळा गोणपाट दुमडून घ्यायची, ओठ दाबून हसायची आणि भाव सांगायची. मी लाकडाचा. मला मऊ होता येत नव्हतं. त्या वर्षी मला माझ्या लाकूडपणाचं फार वाईट वाटलं.

शेवटी तिच्या नवऱ्यानं, शिवानं, तिला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या सुनीती डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की मांडीच्या बाहेरच्या बाजूचं मांस आणि चरबी वळवून तो खड्डा भरता येईल, दोन्ही बाजू सारख्या होतील आणि ती पुन्हा नीट बसू शकेल. बाजारात ही बातमी पसरली तेव्हा बायकांना हसू आवरेना. पुतळाच्या शेजारची गोजरा म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई. ती म्हणाली, "जा गो, नवीन बैठक घेऊन ये. आमची पन जुनी झाली, तसं सांग त्यांना." पुतळाही हसली. हसताना तिचे डोळे भरले ते गोजरानं पाहिलं आणि ती उगाच टोपली सारखी करू लागली.

पावसाळ्याच्या सुरुवातीला, होड्या बंद असताना, ऑपरेशन झालं. मी घरीच होतो, पण परतल्यावर शिवानं शेजाऱ्यांना इतक्यांदा सांगितलं की मला सगळं पाठ झालं. बायकोला मऊ बसता यावं म्हणून त्यानं इस्पितळात लॉरीची रबरी ट्यूब हवा भरून नेली होती, जाळ्याला तरंगायला बांधतात ती. डॉक्टरीणबाई ती पाहून हसल्या.

"अहो, ही कडेनं दाबते आणि मध्ये सूज आणते. इथं मऊ नकोय, रिकामं हवंय."

"रिकामं म्हंजे?"

"भरलेलं मांस नवं आहे. त्याला रक्त मिळालं तर ते जगेल, दाबलं गेलं तर मरेल. गणपती येईपर्यंत त्यावर भार द्यायचा नाही. पालथं झोपायचं, नाहीतर डाव्या कुशीवर. अगदी बसावंच लागलं तर मांड्यांखाली घट्ट उशी घ्यायची आणि मागचा भाग हवेत मोकळा ठेवायचा. तेही थोडाच वेळ, मग उठून चालायचं."

शिवानं मान डोलावली. काथ्या ठासून भरलेली एक उशी त्यानं शिवून घेतली आणि मला माळ्यावर चढवलं. खरं सांगतो, त्या उशीचा मला राग आला. इतकी वर्षं मी सेवा केली आणि ही कोण कालची आलेली.

आता मित्रांनो, आपल्या लोकांची एक गंमत ऐका. आपल्याकडे माणूस दिसला की तोंडातून पहिला शब्द निघतो, "बस." भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं परतताना पुतळा उभी होती, तर निम्मी लाँच जागा करून देत होती. "बस ना गो, आजारी मानूस." ती नको नको म्हणून थकली. घरी आल्यावर तर रीघच लागली. भेटायला आलेलं माणूस यजमानीण उभी असताना बसत नाही, आणि पाहुण्याला उभं ठेवणं तिच्या जिवाला पटत नाही. एकदा करंज्याहून शिवाची आत्या आली. म्हातारी ताठ उभी राहिली. "तू बस, मंग मी बसतंय." सोबत तिनं सगळ्यात मऊ गोधडीची चौघडी करून आणली होती, तीही मोठ्या मायेनं. पुतळाला तिचं मन मोडवेना. ती त्या गोधडीवर बसली आणि आत्याच्या गप्पा संपेपर्यंत बसून राहिली.

संध्याकाळी गोधडीवर रक्त दिसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाँच, पुन्हा इस्पितळ. डॉक्टरीणबाई या वेळी हसल्या नाहीत. "थोडक्यात वाचलं आहे," त्या म्हणाल्या. "पुन्हा असं दाबलं गेलं तर हे काळं पडेल, काढावं लागेल. मग दुसऱ्यांदा भरायला मी मांस कुठून आणू?"

तेव्हापासून पुतळा कुणाचंच ऐकेना. पाहुण्यांपुढे ती पालथी पडून बोलायची. पण नारळी पुनव जवळ आली तशी तिची तगमग मला माळ्यावरून दिसू लागली. नारळी पुनव आधी येते, गणपती नंतर. मधले थोडेच दिवस, पण बाजार मांडायचा तो त्याच थोड्या दिवसांत. त्यातून गोजराच्या नव्या सुनेला बाजारात जागा नव्हती. पुतळाची जागा मोकळी राहिली तर ती कोण घेणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी पुतळानं मला माळ्यावरून काढलं. नारळाचं पाणी घातलं, माझ्यावरून हात फिरवला. तिचे अश्रू माझ्यावर पडत होते. मला एरवी आनंद झाला असता, पण त्या दिवशी मी मनात म्हणत होतो, बाई, मला परत माळ्यावर टाक. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की हिनं माझ्यावर बसू नये.

शिवा दारात येऊन उभा राहिला.

"काय चाललंय?"

"उद्या बसाचं हाय."

"डॉक्टरीन काय बोलली, इसरली?"

"नाय इसरली. पन सासूनं जागा माज्या हाती दिली. ती घालवून मी घरात पालथी पडू? एक दिवस बसंन. काय व्हायचं ते होऊ दे."

शिवा भांडला नाही. त्यानं मला उचलून सगळ्या बाजूंनी पाहिलं. मग म्हणाला, "मऊ नको, रिकामं हवं, असं बोलली ना ती?" आणि मला काखेत मारून तो देवजीकडे निघाला.

देवजी आता म्हातारा झाला होता. शिवाचं म्हणणं ऐकून तो नाही म्हणाला. "मीच केलेला पाट मीच कापू? तुज्या आयचा पाट हाय रं हा."

"आय असती तर तिनंच करवत दिली असती," शिवा म्हणाला.

देवजीनं मग मान हलवली. कोळशानं माझ्या मागच्या बाजूला अर्धगोल काढला आणि करवत लावली. दुखलं का म्हणून विचाराल, तर हो, दुखलं. होडीत असताना मी लाटा खाल्ल्या होत्या, पण असं कुणी कापलं नव्हतं. तुकडा खाली पडला तेव्हा मला वाटलं, संपलो आपण. आणि लगेच दुसरा विचार आला. तिला मांडीतलं काढून तिथं भरावं लागलं. तिच्यासाठी मला माझ्यातलं थोडं द्यावं लागलं, तर त्यात काय मोठंसं? देवजीनं उंच पाय ठोकले. शिवानं ती काथ्याची उशी माझ्या पुढच्या भागावर दोरीनं आवळून बांधली. त्या क्षणापासून उशीवरचा माझा राग गेला. आम्ही दोघं मिळून आता एक आसन होतो.

दुसऱ्या दिवशी पुतळा जागेवर आली आणि माझ्यावर बसली. मांड्या उशीवर, पाय जमिनीवर, पाठ सरळ आणि मागे, जिथं नवं मांस होतं, तिथं नुसती हवा. कुठंच काही टेकलं नाही. पण बाजारात कुजबूज सुरू झाली. हा कसला पाट? हे तर स्टूल झालं. स्टुलावर बसली म्हणजे पाटावर बसली का? सगळ्यांची तोंडं गोजराकडे वळली, कारण तिथं तीच वयानं मोठी होती आणि जागेची गरजही तिलाच होती.

गोजरा उठली. माझ्याजवळ येऊन खाली वाकली. माझ्या कडेला पुतळाच्या सासूच्या कोयत्याचे घाव होते, त्यांवरून तिनं बोट फिरवलं. मग त्या कापलेल्या जागेत हात घालून पाहिला. पुतळा खाली बघत होती.

"पाट तोच हाय," गोजरा म्हणाली. तिची सून टोपली घेऊन मागे उभी होती, तिच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. "जिनं पाट कापला पन जागा नाय सोडली, तिला मी कोन उठवनारी? आता मात्र आमाला मान वर करून बोलाला लागंल हिच्याशी, म्हाराणी झाली बया."

बाजार हसला. पुतळा हसली आणि रडलीही. मग तिनं गोजराच्या सुनेला हाक मारली. "इकडं ये गो. माज्यानं वाकून मासं कापवनार नाय. तू माज्या बाजूला बस, कापून दे. पुडल्या वर्सी जागा करू तुला, मी जरा सरकंन."

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, ती मी कधी विसरणार नाही. थोडा वेळ झाला की गोजरा शेजारून हाक मारायची, "पुतळा, ऊठ." पुतळा उठायची, चार पावलं चालायची, परत बसायची. पुन्हा थोड्या वेळानं, "ऊठ गो." भावाची घासाघीस चालू असली तरी गोजरा चुकत नसे. मग समोरच्या बायकाही म्हणू लागल्या. जन्मभर "बस, बस" म्हणणारा आमचा बाजार त्या दिवसापासून पुतळाला "ऊठ" म्हणायला शिकला. गणपती आले तोवर तिचं नवं मांस चांगलं धरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी हात लावून पाहिलं आणि आता कशावरही बसा म्हणाल्या.

पुतळानं देवजीकडून नवा, सपाट पाट करून घेतला. मला वाटलं, आता चुलीत जाणार. पण तसं झालं नाही. मोऱ्यात कुणी बाळंतपणाचे टाके घेऊन आली, कुणी होडीवरून पडून इस्पितळातून आला, की माणूस यायचं, "पुतळा, तुजा तो कापलेला पाट दे गो." पुतळा उशीसकट मला द्यायची आणि बजावायची, थोडाच वेळ बसा, मधे मधे उठा. किती घरं फिरलो, किती दुखरी माणसं माझ्या रिकाम्या जागेमुळे सुखानं टेकली. माझ्या अंगावरचा सगळ्यात कामाचा भाग तोच, जो देवजीनं कापून टाकला.

आता ऐंशीचं दशक सरत आलं. बाभळीचा एक पाय डुगडुगतो आणि मी बहुतेक वेळ ओटीवर धूळ खात असतो. तरी माझं एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरी कुणी ऑपरेशन करून आलं, तर मायेनं मऊ गादी पुढे करून "बस" म्हणू नका. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आधी विचारा. आणि त्या माणसाला विचारा, "तुला कसं बसता येईल?" मग त्याला हवं तसं आसन करा. करताना तुमचं थोडं कापलं गेलं, तरी जाऊ द्या.

आणि मला कधी ओटीवर पाहिलंत, तर तेवढा तो डुगडुगता पाय ठोकून द्या. कुणीतरी पुन्हा मला न्यायला येईल.