मागच्या माणसाचं माप

हुपरीत वृषभ चौगुलेसारखी पैंजणं घडवणारे थोडेच. गिऱ्हाइकाचा पाय नुसता बघून हा माणूस माप सांगायचा. पण मोटारसायकलची वारा अडवणारी पुढची काच घेताना या पठ्ठ्यानं माप घेतलं ते फक्त स्वतःचं. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवली, अंगणात गाडीवर एकटाच बसला, काचेच्या कडेवरून रस्ता नीट दिसतो एवढं बघितलं आणि खूश झाला. तेव्हापासून नव्वदनं गाडी मारली तरी त्याच्या छातीला वारा म्हणून लागत नव्हता. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा घरचा नेम. तो पाळून लांबचा पल्ला गाठायचा, म्हणजे वेग हवाच.

आता श्रवणबेळगोळला जायचं ठरलं, तर बायको म्हणाली, "तुमी जाऊन या. मी न्हाय येत."

"का?"

"कंटाळा आलाय."

दीपा आली नाही तर त्याला जाण्यात राम नव्हता, पण हे कबूल कोण करणार? उलट त्यानं पाहुण्यांत तिची चेष्टा केली. मागं बसून एक शब्द बोलत नाही, पोतं बांधून नेल्यासारखं वाटतं, म्हणाला. सगळे हसले, दीपाही हसली.

मग काचेला तडा गेला, म्हणून तो उचगावला अमरसिंहच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेला. "हीच दे, याच मापाची."

"मागं कोण बसतं?" अमरसिंहनं विचारलं.

"बायको."

"उंची किती त्यांची?"

वृषभला सांगता येईना. त्यानं हात खांद्याशी नेला, मग जरा वर केला.

"शेठ, तुमच्या डोक्यावरनं गेलेलं वारं जातंय कुठं? मी चालवतो, तुमी मागं बसा."

हायवेला लागून पाच मिनिटं झाली नसतील, वृषभच्या हेल्मेटवर दोन्हीकडून थापा बसू लागल्या. मान सरळ राहीना, कानात नुसता घोंगाट. "थांब" म्हणून तो ओरडला, पण पुढं आरामात बसलेल्या अमरसिंहला ते ऐकूच गेलं नाही.

तेव्हा त्याला गेल्या वर्षी दोघं गाडीवरनं बदामीला गेले ती वाट आठवली. दीपानं दोनदा त्याच्या पाठीवर थोपटलं होतं. "थांबल्यावर सांग," तो म्हणाला होता. थांबल्यावर जेवणाची घाई, मग खोली शोधायची गडबड, विचारायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी तिनं थोपटलं नाही. दिवसदिवसभर ती हे सोसत होती आणि आपण तिला पोतं म्हणालो. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की दुकानात परतल्यावर अमरसिंहकडं बघवेना.

रविवारी हातापाया पडून त्यानं दीपाला दुकानात आणलं. अमरसिंहनं दोघांना गाडीवर बसवलं, दोघांच्या खांद्यांची, डोळ्यांची उंची बघितली आणि चार बोटं आखूड काच लावली. "आता वारं तुमच्याच अंगावर फुटंल, मागं कमी जाईल. फिरून या. वहिनी, वारं कुठं लागतंय ते नीट सांगा. न्हाय जमलं तर दुसरी बघू."

पुढच्या पुलाशी वृषभनं गाडी कडेला घेतली. आता त्याच्या छातीवर वारा येत होता, त्याचं त्याला बरंच वाटलं. "लागतंय का गं?"

"न्हाय की. बरं हाय."

त्यानं वळून बघितलं. दीपा हेल्मेट काढून डोळे पुसत होती. सोसून 'बरं हाय' म्हणायची ही सवय तिला आपणच लावली, हे त्याला चांगलंच लागलं. त्यानं गाडी बंद केली आणि खाली उतरला.

"चुकलं माझं, दीपा. पोतं म्हणालो तेबी चुकलं. आता खरं सांग."

दीपानं हेल्मेट मांडीवर ठेवलं.

"लागतंय," ती म्हणाली. "पैल्यापेक्षा कमी हाय. पण उजव्या कानाला घोंगाट किती, ते मला न्हाय कळणार. बदामीपासनं त्या कानानं नीट ऐकूच येत न्हाय."

वृषभ तिच्या उजव्या अंगाला उभा होता. तो गाडीला वळसा घालून डावीकडं गेला आणि मग म्हणाला, "आधी डॉक्टर. काच मागनं."