फिलोमेनाचे केस

पास्क्वालिनाने मूर्तीचा झगा सोडला नाही. एका बाजूने तिने धरला होता, दुसऱ्या बाजूने फादर साव्हेरिओंनी.

"हात काढा, फादर. हिला पुरुषानं हात लावायचा नसतो."

"मावशी, आत नुसतं लाकूड आहे."

"मला सांगता? इतकी वर्षं हिला कपडे कोण घालतंय?"

खरंच होतं ते. संत फिलोमेनाला चेहरा आणि हात तेवढे होते. झग्याच्या आत काठ्याच. सणाच्या आदल्या दिवशी चर्चचं दार लावून तिला नवा झगा चढवायचा, केस विंचरायचे, हा मान गावात एकाच बाईचा. केस मात्र खरे होते, पास्क्वालिनाच्या अग्नेसेचे. पोर तापाने फणफणली तेव्हा आईने तिची लांबसडक वेणी कापून संताच्या पायाशी ठेवली होती. केस राहिले, पोर गेली.

तेव्हापासून दर ऑगस्टात पास्क्वालिना केस विंचरता विंचरता फिलोमेनाशी भांडायची. 'मेले, वेणीही घेतलीस आणि पोरही? भरलं का गं पोट?' शिव्या संपल्या की रडायची, वेणी घालायची आणि घरी जायची. त्या एका भांडणावर तिचं वर्ष निघायचं.

नवे फादर माणूस म्हणून वाईट नव्हते. आल्या आल्या त्यांनी वेदी लोकांकडे तोंड करून फिरवली, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिन सोडून सगळ्यांना कळेल अशा भाषेत म्हणायला सुरुवात केली. आता कोनाड्यातल्या मूर्ती हटवायची पाळी आली होती.

"रोमने हिचा सणच काढून टाकलाय," ते म्हणाले. "भुयारात हाडं सापडली, थडग्यावर नाव होतं. बाकी सगळं लोकांनी रचलेलं."

"म्हणजे ही नव्हतीच?"

"असेल कोणीतरी. पण आपण जिला हाका मारतो, ती होती असं मला सांगता येणार नाही."

रोमला काय, हुकूम सोडायला काय जातं. पास्क्वालिनाच्या हातून झगा सुटला.

"मग मी भांडत कोणाशी होते, फादर?"

 फादरांनी मूर्तीच्या डोक्यावरून केस अलगद उतरवले आणि पास्क्वालिनापुढे धरले. "हे तुमच्या लेकीचे. घरी न्या." आपण एका आईचं भलं करतोय, असंच त्यांना वाटत होतं.

"दिलेलं परत घेत नाहीत," ती म्हणाली. पण दिलं होतं कोणाला? हात आपोआप पुढे झाला. तिने केस एप्रनमध्ये गुंडाळले आणि फादरांकडे न बघता बाहेर पडली.

तिचा नवरा रोक्को घराच्या उंबऱ्यावर बसून बदाम सोलत होता. लेकीला पुरल्यापासून त्याने चर्चची पायरी चढली नव्हती. पण फिलोमेना काय म्हणाली, हे दर वर्षी या दिवशी तो विचारायचाच, आणि पास्क्वालिना काहीबाही सांगायची. एकदा म्हणाली, फिलोमेनाने मान खाली घातली. एकदा म्हणाली, तिलाही रडू आलं. तेवढं ऐकलं की रोक्को हात धुऊन जेवायला बसायचा.

"काय म्हणाली ती?"

पास्क्वालिनाने एप्रन उघडला.

"तिथं कोणी नव्हतं."

रोक्कोने केसांकडे बघितलं. विजारीला हात पुसले, पण केसांना हात लावला नाही. 

"मग आपली पोर नेली कोणी?"

ती त्याच्या शेजारी टेकली. फणीसाठी तिने खिसा चाचपला. फणी मूर्तीच्या पायाशीच राहिली होती. मग तिने केस मांडीवर घेतले आणि बोटांनीच गुंता सोडवू लागली. तोंडातून एकही शिवी निघाली नाही.