अक्रोडाचा पाला

त्सोन्काला नवा गुडघा बसवला त्याच्या पुढच्याच आठवड्यात तिचा नवरा मिन्को अंगणात कोसळला आणि गेला. ती तेव्हा शहरातल्या इस्पितळात होती, टाके अजून ओले होते. रक्तदाब चढेल, म्हणून मुलाने आणि सुनेने ठरवलं की ती घरी आल्यावरच सांगायचं. फोनवर तिने विचारलं की उत्तर तयार असे: बाबा द्राक्षवेली छाटायला गेलेत. इकडे माती उरकली, मिन्कोचे बूट-कपडे वाटून झाले, गावाला तोंड बंद ठेवायला बजावलं. एवढी अक्कल चालवली आणि फाटकावरचा कागद मात्र विसरले. घरातलं कुणी गेलं की काळ्या चौकटीत त्याचा फोटो फाटकावर डकवायचा, ही तिथली रीतच. मुलगा गाडीतून कुबड्या काढत होता, तोवर त्सोन्का फाटकावरच्या मिन्कोकडे बघत उभी राहिली.

ती रडली नाही. "फोटो जुना लावलात," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर झाली होती. हात लावला तर गुडघा दुसऱ्याच कुणाचा तरी वाटे. येईल हळूहळू संवेदना, असं डॉक्टर म्हणाले होते. बाकीच्या त्सोन्काचं काय, ते त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

सून रोसित्सा मोठी शिस्तीची. रोज सकाळी सासूला अंगणात खुर्चीवर बसवायची, टाचेखाली प्लास्टिकची पिशवी सरकवायची आणि पाय मागे ओढायला लावायची.

"ओढा, आई. अजून. गुडघा काय शोभेला बसवलाय?"

"ओढतेय की."

"कुठे ओढताय? नुसता हलवताय. टाच खुर्चीखाली गेली पाहिजे."

कुंपणापलीकडून शेजारची गीनाआजी ओरडायची, "रोसित्सा, सासूला छळायची बरी संधी मिळाली गं तुला!"

"तुमच्या सुनेलाही शिकवू का?"

"नको बाई! माझे गुडघे गंजलेले बरे."

त्सोन्का हसत नसे. दुखायचं खूप, पण तेही कुणी लांबून येऊन सांगावं तसं. दही समोर आलं की खायची, सरबत आलं की प्यायची.

एकदाच तिने आपणहून तोंड उघडलं. "आत्मे परत जातात त्या रविवारपर्यंत वाकेल का गं?"

रोसित्साचे डोळे भरून आले. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मेलेली माणसं सुटतात आणि ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या रविवारी त्यांना परत जावं लागतं. जाताना त्यांनी आपलं माणूस पाहिलं, तर त्यांचा पाय निघत नाही. म्हणून चर्चमध्ये अक्रोडाचा पाला पसरून सगळ्यांनी गुडघे टेकायचे, तोंड पाल्यात लपवायचं, डोळे मिटायचे.

"वाकेल, आई. बाबांसाठी वाकेलच," रोसित्सा म्हणाली.

मग त्सोन्काने पाय ओढला. दात-ओठ खाऊन ओढला. टाच खुर्चीखाली गेली, कुबड्या सुटल्या, हातात काठी आली. सणाच्या दोन दिवस आधी तिने दार लावून घेतलं, जमिनीवर उशी टाकली आणि पलंगाला धरून गुडघे टेकले. टेकले, आणि उठलीही. कुणाला काही बोलली नाही.

रविवारी चर्चमध्ये पाल्याचा कडू वास भरला होता. पाद्र्याने खूण केली, तशी सगळी माणसं सळसळत खाली गेली. रोसित्साने सासूसाठी आणलेली उशी पुढे सरकवली.

त्सोन्का उभीच राहिली.

"आई, मी धरते. टेका," रोसित्सा पाल्यातून कुजबुजली. "निदान डोळे तरी मिटा. बाबा बघतील!"

त्सोन्काने डोळे सताड उघडे ठेवले. समोर नुसत्या वाकलेल्या पाठी आणि दारातून आलेलं ऊन. मिन्को कुठे दिसला नाही. पण आपण त्याला दिसत असू, असं तिला वाटलं आणि एकदम राग आला. मला कुणी सांगितलं नाही रे, ती मनात म्हणाली. मला द्राक्षवेली सांगितल्या. किती तरी दिवसांनी तिला काही जाणवत होतं.

प्रार्थना संपली. माणसं गालावर पानांचे वळ घेऊन उठली. सासूचा ओला चेहरा पाहून रोसित्साने तिचा दंड धरला.

"फार दुखला का? जाऊ दे, आई. पुढच्या वर्षी टेकाल."

"गुडघा वाकतो," त्सोन्का म्हणाली. "परवाच टेकून पाहिला."

रोसित्साला काही कळेना. "मग?"

"त्याला निरोप कधी द्यायचा, ते या खेपेला मी ठरवणार. मागच्या खेपेला तुम्ही ठरवलंत."